बबनराव, मी आणि खोटी साखर

ज्या दिवशी मला कॅन्सर असल्याचं कळलं, त्या दिवशी दुकानात बस्ता होता. मंचरला आमचं साड्यांचं दुकान आहे, आजोबांनी राजस्थानातून येऊन टाकलेलं. नवरीकडचा सगळा गोतावळा गादीवर बसला होता. नवरीची मावशी म्हणाली, "शेठ, हा हिरवा शालू म्हातारीचा दिसतोय. दुसरा काढा." मी दुसरा काढायला वळलो आणि दारात नीलेश दिसला. माझा मुलगा. पुण्याहून रिपोर्ट घेऊन आला होता. नेहमी चपला काढून आत येणारा पोरगा चपलांसकट गादीपर्यंत आला आणि तिथंच उभा राहिला.

त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला समजलं. तरी मी दुसरा हिरवा काढला. घडी मोडली, पदर पसरला, काठ उजेडाकडं धरून दाखवला. मावशीला पसंत पडला. बस्ता संपेपर्यंत मी जागचा उठलो नाही. लोक म्हणतात, केवढा धीर! धीर कसला? उठलो असतो तर नीलेशला विचारावं लागलं असतं.

वर घरात गेल्यावर नीलेशनं आईला सांगितलं. माझी बायको कांचन पदर खोचत म्हणाली, "चहा टाकू?"

"टाक," मी म्हणालो. दुसरं काय सुचणार?

त्यानंतर भेटायला येणाऱ्यांनी मला दोनच प्रकारच्या गोष्टी सांगितल्या. एक, त्यांच्या ओळखीत कोण कसं तडफडून गेलं. दोन, कोण कुठल्या झाडाच्या पाल्यानं खडखडीत बरं झालं. मधलं कुणी काही सांगेना. ह्या दुखण्यात माणूस जेवतो, भांडतो, पोट धरून हसतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून मीच सांगतोय.

वारा सुटला

मोठ्या आतड्याचा तुकडा कापून काढला. पुण्याच्या हॉस्पिटलात जाग आली तेव्हा पोटावर लांबलचक पट्टी, नाकात नळी, हातात नळी. आतड्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांना एकाच गोष्टीची आस असते. वारा कधी सुटतो? तो सुटला की आतडं कामाला लागलं म्हणायचं, मगच तोंडात पाणी. सकाळी डॉक्टर विचारायचे, "गॅस पास झाला का?" दुपारी नर्स विचारायची. संध्याकाळी फोनवर माझी सून विचारायची, "पप्पा, झालं का?" साऱ्या बाजारपेठेत मान असलेला मी माणूस. सुनेला काय उत्तर देऊ?

पडद्यापलीकडच्या खाटेवर माझ्यासारखाच एक जण होता. तेच आतडं, तेच ऑपरेशन, माझ्या आदल्या दिवशीचं. निरगुडसरचे बबनराव. ऊस आणि बटाटा करणारे शेतकरी, आवाज पाटाच्या पाण्यासारखा. एका सकाळी पडद्यापलीकडून असा काही आवाज आला की नर्सच्या हातातला ट्रे हलला. पाठोपाठ बबनराव ओरडले, "झालं! सिस्टर, झालं बगा! घरी फोन लावा!"

मला हसू आलं. हसलो की टाके ओढायचे, टाके ओढले की कळ यायची, आणि कळ आली की आणखी हसू यायचं. पडदा बाजूला झाला.

"हसतायसा काय राव? तुमचं झालं का?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"हुईल. दम धरा. हासत ऱ्हावा, हासल्यानं खाली सरकतंय."

दुपारी माझंही झालं. मी पडद्याकडं तोंड करून हळूच सांगितलं, तर ह्या माणसानं खाटेवरून टाळ्या वाजवल्या. साठी उलटल्यावर अशा कारणासाठी टाळ्या मिळतील असं मला वाटलं नव्हतं.

डिस्चार्जच्या दिवशी बबनराव म्हणाले, "शेठ, घरी बटाट्याचं एक पोतं पाठवून देतो."

"बबनराव, आम्ही जैन. बटाटा खात नाही."

ते माझ्याकडं पाहतच राहिले. "बटाटा न्हाई? मंग जगता कशावर?"

जीप

पुढं केमो सुरू झाली. दोघांची एकाच हॉस्पिटलात, एकाच दिवशी, दर पंधरा दिवसांनी. नीलेश मला गाडीनं नेणार होता, पण लगीनसराईत दुकान कोण बघणार? तेव्हा बबनराव म्हणाले, "आमची जीप जाती की मंचरवरनंच. बसा तुमी." जीप चालवायची त्यांची मुलगी अश्विनी. ती पुण्याला राहायची. केमोच्या आदल्या दिवशी गावी यायची, सकाळी आम्हाला घेऊन जायची, आणि परतीच्या वाटेवर पिशवी घेऊन ओकणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना घरपोच करायची. तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

पहिल्या खेपेला मी विचारलं, "पोरी, पुण्याला काय करतेस?"

"काका, पीएच्.डी. करतेय. रसायनशास्त्रात."

"कशावर?"

तिनं तिरक्या नजरेनं बापाकडं पाहिलं. बबनराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सांग की. ती खोटी साखर बनिवती, शेठ. बाप खरी साखर पिकवतो, लेक खोटी करती."

अश्विनी हसली. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली तेव्हा तिनं नीट सांगितलं. आपल्या प्रत्येक पेशीवर साखरेच्या बारीक बारीक साखळ्या असतात, मखमलीवर लव असते तशा. ही चहातली साखर नव्हे, शरीरानं स्वतः घडवलेली. काही प्रथिनं अशी असतात की त्यांना एक खाच असते आणि त्या खाचेत नेमकी तीच साखर बसते. त्यातल्या एका प्रथिनाचं नाव गॅलेक्टिन. गाठीतून सुटलेली पेशी रक्तातून वाहत जाते. त्या वेळी हे प्रथिन एका बाजूनं पेशीची साखर धरतं आणि दुसऱ्या बाजूनं रक्तवाहिनीच्या भिंतीवरची. पेशी तिथं चिकटते. मग तिथं नवी गाठ.

"म्हणजे पसरतो तो असा?" मी विचारलं. हा शब्द आम्ही दोघंही टाळायचो. त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून निघाला.

"बऱ्याच वाटा आहेत काका, त्यातली ही एक. आम्ही काय करतो, त्या साखरेसारखाच दिसणारा एक रेणू बनवतो. प्रथिनाला वाटतं, आली आपली साखर. ते त्याला धरतं. आणि हा रेणू असा घट्ट बसतो की उठतच नाही. खऱ्या साखरेला जागाच उरत नाही."

"रुमाल टाकला म्हण की!" बबनराव एकदम म्हणाले. "यष्टीच्या खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरत्यात तसं. पावणं आत येतंय तवर शीट गेलेली."

"हो आप्पा, अगदी तसंच."

"मंग त्या तुझ्या गलेलठ्ठाला बसू दे बोंबलत."

तेव्हापासून गॅलेक्टिनचं नाव आमच्या जीपमध्ये गलेलठ्ठ पडलं. मी म्हणालो, "पोरी, सगळी हयात मी नकली पैठणीला शिव्या देण्यात घालवली. नकली मालाचं एवढं कौतुक आज पहिल्यांदा ऐकतोय."

मग मी जे विचारायचं तेच विचारलं. "हे औषध आम्हाला मिळेल?"

तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. "नाही काका. आमचं अजून काचेच्या ताटल्यांमधल्या पेशींवर चाललंय. त्यानंतर उंदीर, मग बाकी सगळं. खूप वर्षं. बरीच औषधं मध्येच गळतात."

पुढं ट्रक हलला आणि आम्हीही हललो.

साखरबंदी

केमोचं एक सांगून ठेवतो, म्हणजे कुणी घाबरणार नाही. मला थंडी चावायची. फ्रिजचं दार, स्टीलचा ग्लास, सकाळचा नळ, कशालाही हात लागला की बोटांत विजेसारखी चमक निघायची. पुढं पुढं बोटांची टोकं बधिर झाली. डोळे मिटून नुसत्या स्पर्शावर रेशीम ओळखणारा मी, मला खादी आणि रेशीम सारखंच लागायला लागलं. ते दुःख मी कांचनलाही सांगितलं नाही. गादीवर बसून नुसताच हिशेबाला मान हलवायचो. ह्या त्रासातला बराचसा पुढं गेला, हेही सांगून टाकतो.

पण त्याहून मोठी गोष्ट घरात झाली. नीलेशला मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला. कॅन्सर साखरेवर जगतो, साखर तोडा, कॅन्सर उपाशी मरेल. नीलेशनं त्या दिवशीच घरातली साखर, गूळ, मध सगळं उचललं. मग फळं बंद केली. मग भात. आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही, म्हणजे दिवसाचा वेळ मुळात कमी, त्यात तोंडाला चव नाही, आणि ताटात उकडलेला दुधी. माझा सदरा हँगरला अडकवल्यासारखा दिसायला लागला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई काट्याकडं पाहून म्हणाल्या, "असंच वजन उतरलं तर पुढचा डोस देता येणार नाही."

परतताना वाटेत मी साखरबंदीचं सगळं सांगितलं, तशी अश्विनीनं जीप आमच्या दारात उभी केली आणि बबनरावांना म्हणाली, "आप्पा, पाच मिनिटं बसा. मी वर जाऊन येते."

नीलेश वरच होता. ती म्हणाली, "दादा, काकांना जेवू द्या."

नीलेश तडकला. "तुम्ही शिकलेल्या माणसांनी तर असं बोलूच नये. पेट स्कॅनला साखरच टोचतात ना? गाठ तीच साखर ओढून घेते म्हणून चमकते. म्हणजे साखर तिचं खाद्य झालं की नाही? डॉक्टरच दाखवतात आणि डॉक्टरच म्हणतात खा!"

मला वाटलं, पोरगा बिनतोड बोलला. अश्विनीनं मान डोलावली.

"टोचतात ते खऱ्या साखरेसारखं दिसणारं औषध असतं. पण तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गाठ साखर जास्त ओढते. मेंदूही ओढतो, हृदयही ओढतं. काकांनी साखर सोडली म्हणून रक्तातली साखर संपत नाही, दादा. शरीर ती भाकरीतून बनवतं. भाकरी नाही दिली तर अंगातलं मांस झिजवून बनवतं. उपाशी काका राहतात. कॅन्सर नाही राहत."

नीलेश खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. "मी काय करू मग? काहीतरी करायला पाहिजे ना मी! हातावर हात ठेवून बसू?"

कांचन आतून आली. तिनं लेकाच्या डोक्यावर हात ठेवला. "रवा भाज," ती म्हणाली. "तू करायचं ते हे. चल, मी दाखवते."

आमच्या नीलेशनं आयुष्यात पहिल्यांदा शिरा केला. साखर माळ्यावरच्या डब्यात दडवली होती, त्यानं स्वतः स्टुलावर चढून काढली. गुठळ्या झाल्या होत्या, एका बाजूनं करपला होता. मी दोन वाट्या खाल्ला. तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. बबनराव जीपमधून ओरडत होते, "आमाला काय उपास हाय व्हय?"

त्यांची वाटी नीलेश स्वतः खाली घेऊन गेला. मी खिडकीतून पाहत होतो. बबनराव खात होते आणि नीलेश जीपच्या दाराला टेकून त्यांच्याकडं बघत उभा होता. त्यानंतर आमच्या घरात पथ्य डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढंच राहिलं.

डाग

केमो संपल्यावरचा स्कॅन माझा स्वच्छ आला. बबनरावांच्या यकृतावर एक डाग दिसला.

त्या दिवशीची परतीची वाट मला विसरता येणार नाही. खेडच्या पुढं अश्विनीनं जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "मी पीएच्.डी. सोडतेय, आप्पा."

"का गं?"

"काय उपयोग आहे? इतकी वर्षं मी हेच बघतेय, पेशी एका जागेवरून दुसरीकडं कशी जाते आणि तिला कसं अडवायचं. आणि माझ्याच घरात ती गेली. मी बाजूला बसून होते, माझ्या बापाच्या बाजूला. भावकीतले बोलतात ते खोटं नाही. एवढं शिकून काय केलंस?"

ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मी मागच्या सीटवर. आपण इथं नसतो तर बरं, असं वाटत होतं. माझा स्कॅन स्वच्छ आल्याची लाज वाटत होती.

बबनरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "आशे, वनखात्यात कामाला असलेल्याच्या गोठ्यातबी बिबट्या शिरतो. मंग त्यानं नोकरी सोडायची व्हय?"

तिनं डोकं वर केलं नाही.

"आता तर लई ध्यान दिऊन कर. बिबट्या कसा येतो ते घरात बसून बगितलंय तू. दुसऱ्या कुणी बगितलंय तितं तुझ्या कॉलेजात?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि शेठ, तुमी कशापायी त्वांड पाडून बसलाय? तुमचं चांगलं आलं ना? मंग पेढं कोण देणार?"

मी म्हणालो, "बबनराव, आज?"

"आजच. माजं वाईट आलं म्हणून तुमचं चांगलं वाया घालवायचं का?"

आम्ही मंचरला पेढे घेतले. बाजारात जीप उभी करून तिघांनी खाल्ले. अश्विनीच्या गालावर डोळ्यांचं पाणी तसंच होतं आणि ती खात होती. मी आयुष्यात पुष्कळ पेढे खाल्ले, लग्नाचे, बारशाचे, पहिल्या बोहनीचे. त्या पेढ्यांइतका गोड एकही नव्हता.

डाग एकच होता आणि काढता येण्याजोगा होता. बबनरावांचं दुसरं ऑपरेशन झालं. ह्या खेपेला पडद्यापलीकडं मी नव्हतो, नीलेश होता. दुकान सुनेवर टाकून तो दिवसरात्र तिथंच राहिला. तिसऱ्या सकाळी त्याचा फोन आला. त्यानं नमस्कारसुद्धा केला नाही. "पप्पा! काकांचं झालं!" एवढं म्हणून तो हसत सुटला, आणि मागून बबनरावांचा आवाज आला, "शेठला म्हणावं, टाळ्या वाजिवल्या न्हाईत अजून!"

मी गादीवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली.

नंतरचे स्कॅन दोघांचेही चांगले आलेत. पुढचं कुणाला ठाऊक? दर तपासणीच्या आधी आठवडाभर मला झोप नीट लागत नाही, आणि बबनराव त्या आठवड्यात उगाच कुणाशी तरी भांडण काढतात. तेवढं चालायचंच.

प्रश्न

अश्विनीनं पीएच्.डी. सोडली नाही. शेवटी तिला सगळ्यांसमोर आपलं काम मांडायचं होतं. आम्हाला आमंत्रण आलं. तिच्यासाठी मी स्वतः साडी निवडली, जांभळी, बारीक काठाची. निवडताना डोळे मिटून बोटं फिरवली आणि बोटांनी सांगितलं, रेशीम आहे. अजून थोडी बधिर आहेत, पण एवढं सांगतात.

आम्ही सगळे गेलो. बबनराव नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले, शेजारी मी, मग कांचन आणि नीलेश. अश्विनी इंग्रजीत बोलत होती. पडद्यावर चित्रं येत होती, एक मोठं वेटोळं आणि त्याच्या खाचेत बसलेलं काहीतरी इवलंसं. बबनरावांनी मला कोपर मारलं. "गलेलठ्ठ," ते कुजबुजले. तेवढं आम्हाला समजलं. बाकीचं काही कळलं नाही, पण दोन ठिकाणी आम्ही चुकीच्या वेळी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्या सभागृहानं वाजवल्या.

शेवटी प्राध्यापकांनी विचारलं, कुणाला प्रश्न आहेत का. दोन-तीन विद्वानांनी विचारले. तिनं न अडखळता उत्तरं दिली. मग बबनराव उठले. मी त्यांचा सदरा ओढला, पण ते उभे राहिलेच.

"म्याडम," ते म्हणाले. सगळे तिला तसंच म्हणत होते ना! "मराठीत इचारलं तर चालंल का?"

अश्विनीच्या ओठांचे कोपरे थरथरले. "विचारा."

"ह्ये औषध दवाखान्यात कवा येनार?"

अश्विनीनं पडद्याकडं पाहिलं, मग बापाकडं. "खरं सांगू? मला माहीत नाही. आम्ही बनवलेला रेणू प्रथिनाला घट्ट धरतो, पण शरीरात फार वेळ टिकत नाही. आता तो टिकाऊ करायचाय. कदाचित आमचा रेणू कधीच औषध होणार नाही, आमचं पाहून दुसरं कुणीतरी चांगलं बनवेल. पुष्कळ वर्षं लागतील."

बबनरावांनी फेटा सारखा केला.

"मंग दमानं करा," ते म्हणाले. "आमाला काय घाई न्हाई."

आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "काय हो शेठ?"

"छे," मी म्हणालो. "अजिबात नाही."